तांबट मातीची कुळकथा

अहिल्यानगर जिल्ह्यातील जमिनीची जुनी विभागणी काळी, तांबट, बरड आणि पांढरी अशी आहे. यांपैकी तांबट अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर, रतनवाडी, हरिश्चंद्रगड या घाटमाथ्याच्या पट्ट्यात आढळते आणि जांभ्याच्या, म्हणजे लॅटराइटच्या, कुळात मोडते. ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन याच्या 1807 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तातले. मलबारात अंगडिपुरमजवळ त्याला ओलेपणी सहज कापता येणारा आणि वाऱ्याला ठेवताच कठीण होणारा थर दिसला, म्हणून त्याने विटेसाठीचा ‘लेटर’ हा लॅटिन शब्द योजला. मराठी ‘जांभा’त जांभळाचा रंग आहे, परक्या नावात गवंड्याची नजर.

या मातीचे मूळ मात्र काळीच्या मुळाहून वेगळे नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला बेसॉल्ट हाच दोघींचा जनक खडक असून फरक पाडला तो पावसाने. घाटमाथ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ते पाणी खडकातील चुना, मॅग्नेशियम, पालाश व बरीचशी सिलिका विरघळवून नेते. मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइट ही निकस चिकणमाती उरते. नगरच्या पठारावर जेमतेम 600 मिलिमीटर पावसात हे धुणे अर्धवट राहते, आणि उरलेल्या सिलिका-चुन्यातून मॉन्टमोरिलोनाइट ही फुगणारी, अन्नद्रव्ये धरून ठेवणारी चिकणमाती घडते. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर ही झीज टणक कवचापर्यंत पोचली आहे. अकोल्याची तांबट त्याच वाटेवर, पण कवचाच्या अलीकडे थांबलेली आहे.

म्हणूनच तिचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, 7 च्या खाली असतो, तर काळीचा बहुधा 8 च्या आसपास. चुना व पालाश तुटपुंजे, आणि स्फुरद असले तरी लोह-ॲल्युमिनियम त्याला असे जखडून ठेवतात की मुळांना ते मिळत नाही. पालापाचोळ्यामुळे रानाकाठी सेंद्रिय कर्ब आणि नत्र मात्र बरे असते, ही गोष्ट मातीला सरसकट निकृष्ट ठरवणारे विसरतात. भाताच्या रोपवाटिकेवर पाला, गवत आणि शेण पसरून राब भाजण्याच्या रीतीत या उणिवेवरचा उतारा आहे, कारण राखेतून नेमके पालाश व चुना परत मिळतात. डोंगरउतारावरील वरकस जमिनीला असा राब पुरवणे शक्य नसल्याने तेथे नाचणी, वरई आणि खुरासणी अशी पिके ओळीने काढून जमीन काही वर्षे पडीक टाकली जाई.