माहेरचं दार बंद झालं तेव्हा

उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, ऋषिगंगा जिथे धौलीगंगेला मिळते, तिथे रैणी नावाचं लहानसं गाव आहे. चिपको आंदोलनामुळे या गावाचं नाव जगभर गेलं. मात्र त्या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. आज तो सांगावासा वाटतो.

हा मुलूख भोटिया लोकांचा. नीती खिंडीतून त्यांचा तिबेटशी पिढ्यान् पिढ्या व्यापार चाले. इकडून धान्य जाई, तिकडून मीठ आणि लोकर येई. १९६२च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली. मग उरली थोडी शेती, मेंढरं, रानातली औषधी मुळं आणि नंदादेवी शिखराकडे जाणाऱ्या गिर्यारोहकांचं ओझं वाहण्याची मजुरी.

२६ मार्च १९७४ रोजी रैणीचे पुरुष जमिनीची नुकसानभरपाई घ्यायला चमोलीला गेले होते. हीच वेळ साधून ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली. गौरादेवी गावातल्या बायकांना घेऊन आडव्या उभ्या राहिल्या आणि जंगल वाचलं. पुढे सरकारने समिती नेमली आणि त्या पाणलोटात दहा वर्षांसाठी वृक्षतोड थांबली.

गौरादेवी त्या जंगलाला ‘मायका’ म्हणत. मायका म्हणजे आपलं माहेर. मी कवी असल्याने या शब्दापाशी थबकतो. गढवालात नंदादेवीसुद्धा माहेरवाशीणच. तिला सासरी पोचवायला लोक डोंगर चढून यात्रेने जातात. माहेरी जाताना कोणाची परवानगी लागत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही बाईला सांगायला नको.

पण तशी परवानगी लागायची वेळ आली. १९३४मध्ये शिप्टन आणि टिलमन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याशी पोचले, तोवर तिथे बाहेरचं कोणी गेलं नव्हतं. १९७४ नंतर मात्र मोहिमांची रीघ लागली. सरपणासाठी झुडपं तुटली, कचऱ्याचे ढीग साचले. अखेर १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८३मध्ये आतला प्रवेशच बंद झाला. गिर्यारोहक दुसऱ्या शिखरांकडे वळले. रैणी आणि लाता गावच्या मेंढपाळांना मात्र वळायला दुसरं कुरण कुठे होतं? मजुरी बुडाली, चराई बुडाली, वनौषधी बुडाल्या. १९८८मध्ये जागतिक वारसा म्हणून नंदादेवीचा गौरव झाला, तेव्हा ज्यांनी हे जंगल राखलं तेच दाराबाहेर उभे होते.

बंदीचा फायदाही झाला, हे कबूल करायला हवं. पुढच्या पाहण्यांत झाडोरा सावरल्याचं दिसलं. हिमबिबट्याला आणि भरलांना शांतता मिळाली. पण त्या शांततेची सगळी किंमत चार-दोन गावांनीच मोजायची, हा कुठला न्याय?

१९९८मध्ये लोकांनी ‘झपटो-छीनो’ म्हणत बंदी असलेल्या भागात पाऊल टाकलं. मात्र त्यांची मागणी लुटीची नव्हती. २००१मध्ये लाताच्या ग्रामसभेत त्यांनी जाहीरनामाच केला : जंगल आम्ही राखू, पर्यटनही मर्यादेत ठेवू, पण त्याच्या कारभारात आणि कमाईत पहिला वाटा स्थानिकांचा हवा. २००३मध्ये उद्यानाचा थोडा भाग मोजक्या पदयात्रींना खुला झाला. वीस वर्षांनी दार किलकिलं झालं.

आणि याच दाराच्या उंबरठ्यावर, रैणीपाशी, ऋषिगंगेवर वीजप्रकल्प उभा राहिला! त्याच्या कामाविरुद्ध गावकऱ्यांनी २०१९मध्ये उच्च न्यायालयात दाद मागितली होती. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी वर डोंगराचा कडा बर्फासह कोसळला, पुराचा लोंढा आला आणि प्रकल्प वाहून गेला. खाली तपोवनपर्यंत दोनशेहून अधिक माणसं मेली वा बेपत्ता झाली. कडा प्रकल्पामुळे पडला असं कोणी म्हणू नये. पण अशा नदीच्या तोंडाशी एवढी माणसं कामाला ठेवावीत का, हा प्रश्न उरतोच.

मेंढी चारायला मनाई आणि सुरुंग लावायला मुभा, असा निसर्गरक्षणाचा हिशेब असेल तर गावाचा त्यावर विश्वास कसा बसावा? पहारेकरी नेमून जंगल काही वर्षं राखता येईल. पिढ्यान् पिढ्या राखायचं, तर ज्यांचं ते माहेर आहे त्यांना तिथलं मीठ-भाकर मिळालं पाहिजे. रैणीच्या बायका १९७४मध्ये उभ्या राहिल्या, त्या जंगल आपलं होतं म्हणून. ते आपलेपण टिकवणं हेसुद्धा संरक्षणाचंच काम आहे.