अधिकार विकत मिळत नाही

सायबर फसवणुकीचा विषय निघाला की हिंगणघाटचा कापूस बाजार असो की देवळीची एमआयडीसी, सूर एकच असतो. चोर कुठल्या देशात बसलाय याचा पत्ता नाही. वर्ध्याचे पोलीस त्याला काय पकडणार? तक्रार केली तर पैसा येत नाही, उलट बाजारातली पत जाते. त्यापेक्षा चांगलं अँटिव्हायरस घ्यावं, एखादा जाणकार पगारावर ठेवावा आणि सरकारचा नाद सोडावा.

हा पूर्वपक्ष निराधार नाही. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार 2024 या एका वर्षात सायबर ठगांनी देशभरातून 22,845 कोटी रुपये नेले. 2021 पासून चालू असलेल्या 1930 हेल्पलाइनच्या यंत्रणेने त्या वर्षअखेरपर्यंत वाचवलेली एकूण रक्कम साडेतीन हजार कोटींच्या घरात होती. ही तुलना सरकारला शोभत नाही. पण म्हणून सरकारी यंत्रणा निरुपयोगी ठरते काय?

पहिली गल्लत चोर आणि पैसा यांची. चोर परदेशात असेल; पैसा मात्र सुरुवातीला बहुधा इथल्याच बँकांतल्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरतो. समजा, गाठींच्या व्यवहारात ‘आमचं खातं बदललं’ असा बनावट ईमेल आला आणि मुनीमजींनी आरटीजीएस करून टाकलं. लगेच 1930 वर फोन गेला तर ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवलं जातं. रक्कम खात्यात असेल तर ती गोठते, पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेकडे पाठपुरावा होतो. परक्याच्या खात्यातला पैसा अडवण्याचा अधिकार कुठल्या अँटिव्हायरसला आहे? पत जाईल म्हणून गप्प बसणारा व्यापारी हाच मोलाचा वेळ घालवतो.

दुसरी समजूत, खासगी बंदोबस्त पुरतो. 1906 साली स्थापन झालेली पुण्याची कॉसमॉस बँक काही लहान संस्था नव्हे. तरी ऑगस्ट 2018 मध्ये तिच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरलं आणि 94 कोटींहून अधिक रक्कम गेली. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. दोनच महिन्यांनी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. तालुक्याच्या बँकेतल्या एकट्या खातेदाराने मागणी केली असती, तर बँकेने एवढं केलं असतं का? चोर सापडतच नाहीत म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की याच प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरवलं.

तिसरा आक्षेप सर्वांत घातक: चूक आपलीच, मग दाद कुठे मागणार? याला उत्तर पुण्याच्याच एका कारखान्याने मिळवून दिलं. ‘पूना ऑटो अॅन्सिलरीज’च्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून 80 लाखांवर रक्कम परस्पर वळवली गेली. कारखान्याकडून फसव्या ईमेलला उत्तर गेलं होतं, म्हणजे चूक त्यांचीही होती. तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निवाडा करणाऱ्या राज्याच्या आयटी सचिवांनी 2013 मध्ये बँकेच्या ढिलाईवर बोट ठेवलं आणि तिला 45 लाख रुपये भरून देण्याचा आदेश दिला. पुढे 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमच केला: चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार शून्य. चार ते सात दिवस लागले, तर लघुउद्योगाच्या चालू खात्यावरचा भार व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपये. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच.

राहिली पत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाने कंपन्यांना ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा लपवणं हा शहाणपणा नसून नियमभंग ठरू शकतो.

अँटिव्हायरस घ्यावं, जाणकारही ठेवावा. पण खातं गोठवण्याचा, बँकेला जाब विचारण्याचा आणि आरोपीला कोर्टात उभं करण्याचा अधिकार बाजारात मिळत नाही. यंत्रणा संथ असेल तर तिला जरूर धारेवर धरा, मात्र तक्रारीची पावती हातात घेऊन. न केलेल्या तक्रारीचा तपास कुठलंही ठाणं करू शकत नाही.