कांदा चाळीची रचना: पंख्याआधी नैसर्गिक वारा

जुलै-ऑगस्टमध्ये चाळीतून कुबट वास येऊ लागला की अनेकजण पंखा बसवण्याचा विचार करतात. खर्च करण्यापूर्वी चाळीत वारा कुठे अडतो ते पाहा. साठवलेला कांदा जिवंत असतो, तो श्वसन करतो, त्यातून उष्णता आणि ओल तयार होते. ही ओल बाहेर नेण्याचे काम नीट बांधलेली चाळ विजेशिवाय करते. साठवणीसाठी 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता योग्य असते.

एकपाखी चाळीची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे पश्चिमेचा वारा रुंद बाजूने आत शिरतो. दोनपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी. जागा उंच, पाणी न साचणारी असावी; गोठ्याची किंवा घराची भिंत चाळीला चिकटू देऊ नये.

सर्वात जास्त चूक होते ती तळाशी. चाळीचा तळ जमिनीपासून 2 फूट उंच आणि फटींचा हवा. थंड हवा खालून शिरते, गरम हवा वरून निघते, आणि हाच प्रवाह कांदा कोरडा ठेवतो. पण चाळ भरून झाली की याच मोकळ्या जागेत ठिबकच्या नळ्या, रिकामी पोती, सरपण कोंबले जाते. मग चाळ कितीही महाग असो, मधला थर सडतोच. ही जागा आजच रिकामी करा.

पाखीची रुंदी 4 फूट आणि ढिगाची उंची 4 ते 5 फूट यापेक्षा वाढवू नये. 12 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद पाखीत 1.5 मीटर उंचीपर्यंत साधारण 13 टन कांदा बसतो. दोन पाख्यांत 25 टन. त्याच चाळीत जास्त माल दाबला तर खालचा कांदा दबतो आणि हवेची वाट बंद होते. सुटी सालपटे, माती, चिंगळी कांदा काढूनच चाळ भरावी, कारण फटी त्यांनीच बुजतात.

छपरासाठी कौले किंवा सिमेंटचे पत्रे चांगले. लोखंडी पत्रे असतील तर उन्हाळ्यात वर पाचट पसरून घट्ट बांधावे. छप्पर बाजूंच्या बाहेर 3 फूट यावे, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. ताडपत्री लावलीच तर पाऊस थांबताच गुंडाळावी.

एवढे करूनही पंखा लागत असेल तर हवा ढिगाखालून वर गेली पाहिजे. वरून झोत सोडला तर फक्त सालपटे उडतात. 1 अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने 8 तास चालली तर 6 ते 7 युनिट वीज जाते. पाऊस सुरू असताना पंखा बंद ठेवावा; ओली हवा आत ओढून वीजही जाते आणि कांदाही. पावसाची उघडीप असताना, दुपारच्या कोरड्या वेळेत तो चालवावा.

ओला कांदा मात्र कोणतीही चाळ वाचवू शकत नाही. काढणीनंतर 3 ते 5 दिवस पातीसह शेतात सुकवा. एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकावेत. नंतर 2 ते 2.5 सेंटीमीटर मान ठेवून पात कापा आणि सावलीत 10 ते 15 दिवस पातळ थरात ठेवा. खरीप कांदा टिकत नाही, तो लगेच विकावा.