टपाल पोचलंच नाही

परवा सांगलीहून मामाचा फोन आला. आजीला पार्किन्सन्स आहे, निदान होऊन नऊ वर्षं झाली. मामाने टीव्हीवर जीन थेरपीबद्दल काहीतरी पाहिलं होतं. "तू तिकडे एवढा डॉक्टर झालास, आईसाठी एखादं इंजेक्शन असलं तर बघ ना." आता माझी डॉक्टरकी कागदावरची. सच्छिद्र पदार्थातून द्रव कसा झिरपतो, यावर माझा प्रबंध. पण मेंदू हाही त्या अर्थाने सच्छिद्र पदार्थच, म्हणून दोन आठवडे रात्री बसून जुने पेपर वाचले. जे सापडलं ते मामाला फोनवर सांगणं जड गेलं, म्हणून इथे लिहितोय.

गोष्ट सुरू होते 1885 मध्ये. जर्मनीत पॉल एरलिखने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला! त्याला वाटलं, मेंदूला हा रंग धरत नसेल. 1913 मध्ये त्याचाच शिष्य गोल्डमन याने रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये भिंत आहे. औषध देणारे तेव्हापासून या भिंतीशी झगडताहेत.

मग सरळ कवटीला भोक पाडून आत टोचायचं. पण आत टोचलेलं पसरत नाही. पेशींच्या मधल्या फटी साधारण 40 ते 60 नॅनोमीटर रुंद, आणि जनुक वाहून नेणारा एएव्ही हा विषाणू 25 नॅनोमीटरचा. (हा 1965 मध्ये दुसऱ्याच विषाणूच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडला होता. निरुपद्रवी, म्हणून पोस्टमन म्हणून उत्तम.) निरोगी मेंदूत या फटी आकारमानाच्या सुमारे 20 टक्के जागा व्यापतात. वयाबरोबर त्या आक्रसतात, आणि रक्तपुरवठा तुटला की पेशी सुजून हे प्रमाण 5 टक्क्यांपर्यंत उतरतं. 1994 मध्ये अमेरिकेच्या एनआयएच संस्थेतल्या लोकांनी पंपाने हलका दाब देऊन द्रव पसरवायची युक्ती काढली. माझ्यासारख्या माणसाला ती वाचून आनंद होणारच. पण खरी अडचण पुढेच होती.

पार्किन्सन्समध्ये सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या पेशी मरतात. त्यांचे लांब तंतू प्युटामेन या दुसऱ्या भागात पोचलेले असतात. योजना झकास होती. प्युटामेनमध्ये न्यूर्टुरिन या प्रथिनाचं जनुक टोचायचं. तिथे प्रथिन तयार होईल, तंतू ते उचलतील आणि उलट दिशेने मूळ पेशीपर्यंत नेतील. माकडांमध्ये हे झालं. म्हाताऱ्या माकडांमध्येसुद्धा झालं! मग माणसांवर चाचणी झाली: 58 रुग्ण, 38 जणांना औषध आणि 20 जणांवर नुसती लुटुपुटूची शस्त्रक्रिया, म्हणजे कवटीला अर्धवट भोक. निकाल 2010 मध्ये छापून आला. बारा महिन्यांनी दोन्ही गटांत ठरवलेल्या मोजमापात फरक नव्हता.

का? उत्तर दोन रुग्णांनी दिलं, तेही मृत्यूनंतर. ते इतर कारणांनी वारले होते. शवविच्छेदनात दिसलं की प्युटामेनच्या सुमारे 15 टक्के भागात न्यूर्टुरिन होतं, पण मूळ पेशींमध्ये जवळजवळ नव्हतंच. टपाल पेटीत पडलं, पण पुढे नेणारी गाडीच बंद. माकडांना विष देऊन आजार केला होता आणि काही दिवसांतच औषध दिलं होतं, तंतू अजून जागेवर असताना. माणसांची जखम जुनी होती. पुढे 2013 मध्ये कॉर्डोवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निदानानंतर चारच वर्षांत प्युटामेनच्या वरच्या भागातले हे तंतू जवळपास संपलेले असतात.

चार. हा आकडा मी तीनदा वाचला.

संशोधकांनी मग न्यूर्टुरिन दोन्ही ठिकाणी टोचून पाहिलं. 2013 मध्ये तीही चाचणी फसली. पण 2020 च्या शवविच्छेदनाच्या अहवालात औषध दिल्यानंतर 8 आणि 10 वर्षांनीही ते जनुक काम करत होतं. फक्त भाग छोटा. अल्झायमरच्या एनजीएफ चाचणीचंही असंच. 49 रुग्ण, 2018 मध्ये निकाल नकारात्मक, आणि 2020 मध्ये कळलं की प्रथिन जेमतेम एक मिलिमीटर पसरलं होतं. ज्या पेशींसाठी पाठवलं त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं. म्हणजे कल्पना चूक होती की पोचवणं चूक, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्यांनी त्यासाठी डोक्याला भोकं पाडून घेतली, त्यांचा विचार करून मला वाईट वाटतं.

वयाचा दुसरा धडा 2009 चा. एएव्ही-9 रक्तात टोचला की भिंत ओलांडतो, हे उंदरांत दिसलं. पण नवजात पिल्लांत तो चेतापेशींत शिरला, तर मोठ्या उंदरांत बहुतांशी आधारपेशींत. विषाणू तोच, पत्ता वेगळा! त्याच विषाणूवर आधारलेलं एसएमएचं औषध अमेरिकेत 2019 मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांसाठी मंजूर झालं. आपल्या पेपरांत गाजलेलं "16 कोटींचं इंजेक्शन" ते हेच. मामाने बहुधा त्याचीच बातमी पाहिली असावी.

डोक्याला मार लागला की भिंत फुटते, मग औषध आपोआप आत जाईल असं वाटतं. थोडंफार जातंही. पण सूज, रोगप्रतिकारक पेशींची गर्दी आणि नंतर बनणारा व्रण यांतून ते नेमकं कुठे पोचेल याचा भरवसा नाही.

काल मामाला फोन केला. गोळ्या वेळच्या वेळी दे, जेवणातली डाळ आणि दूध गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायचं का हे डॉक्टरांना विचार, एवढंच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आईसाठी अजून नाही."

"नाही, मामा. अजून नाही."