प्रयोगशाळा-गुणवत्ता नेतृत्व, वैद्यकीय

रक्त, लघवी, थुंकी अशा नमुन्यांवरून निघालेल्या रिपोर्टवर विसंबून डॉक्टरला उपचार ठरवता यावेत, म्हणून प्रयोगशाळेत लागणारी शिस्त बसवणे आणि टिकवणे हे या नेतृत्वाचे काम. मोठ्या रुग्णालयांत त्याला क्वालिटी मॅनेजर किंवा लॅब डायरेक्टर अशी पदनामे आहेत. लहान ठिकाणी तेच काम पॅथॉलॉजिस्ट किंवा अनुभवी तंत्रज्ञ इतर कामे सांभाळून करतो. पदनाम कोणतेही असो, पारखायची बाब एकच: संशयास्पद रिपोर्ट अडवण्याचा अधिकार त्या व्यक्तीच्या हाती आहे का? तो नसेल, तर भिंतीवरची प्रमाणपत्रे आणि कपाटातल्या फायली शोभेपुरत्याच उरतात.

या विषयाचा इतिहास बराच काळ यंत्राभोवती फिरला. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी 1950 मध्ये कारखान्यातले नियंत्रण-आलेख प्रयोगशाळेत आणले. 1981 मध्ये वेस्टगार्ड व सहकाऱ्यांनी कंट्रोलचे, म्हणजे मूल्य आधीच माहीत असलेल्या नमुन्याचे, आकडे कधी स्वीकारायचे आणि कधी फेटाळायचे याचे नियम दिले, ते आजही रोज सकाळी वापरले जातात. यंत्रावरच्या चुका त्यामुळे खूप घटल्या, पण उरलेल्या कुठे होत्या? इटलीतल्या पाडुआच्या एका तातडीच्या प्रयोगशाळेवरील 1997 च्या अभ्यासाने ते दाखवले. 40,490 तपासण्यांत 189 चुका सापडल्या, त्यांतल्या 68.2 टक्के नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधीच्या आणि केवळ 13.3 टक्के प्रत्यक्ष तपासणीतल्या होत्या. उदाहरण पोटॅशियमचे घ्या. बारीक सुईतून जोराने ओढलेले रक्त ट्यूबमध्ये दाबून सोडले की तांबड्या पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून बाहेर आल्यावर पिवळसर दिसायला हवे ते सीरम गुलाबी दिसते. पेशींच्या आतले पोटॅशियम त्यात मिसळलेले असते. यंत्र ते अचूक मोजते, आणि तरीही तो आकडा रुग्णाच्या अंगातला नसतो.

नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधीच्या चुकांचा हा मुद्दा चंडीगढमधल्या मनीमाजऱ्यासारख्या ठिकाणी नीट कळतो. चंडीगढ शहर वसण्याच्या कितीतरी आधीपासूनचे हे गाव. 2020 मध्ये त्याला सेक्टर 13 हे नाव मिळाले. इथे सरकारी सिव्हिल हॉस्पिटल आहे. सेक्टर 16 चे मोठे सरकारी रुग्णालय आणि 1962 मध्ये स्थापन झालेली पीजीआय ही वैद्यकीय संस्था त्याच शहरात आहेत. अशा रचनेत नमुना एकीकडे घेतला जातो आणि काही तपासण्या दुसरीकडे होतात, हे सगळीकडेच घडते. या ने-आणीत साध्या ट्यूबमध्ये पेशी वेगळ्या न केलेले रक्त पडून राहिले, तर पेशी साखर खात राहतात आणि ग्लुकोज तासाला सुमारे 5 ते 7 टक्के घटते. मग गुणवत्तेच्या प्रमुखाचा अधिकार प्रयोगशाळेच्या दारापाशी संपून कसा चालेल? रक्त घेणारी परिचारिका, नमुने नेणारा कर्मचारी, वॉर्डातला निवासी डॉक्टर यांपैकी कोणीच त्याच्या हाताखाली नसते. तरी त्यांना सूचना देता आली पाहिजे, आणि त्यासाठी रुग्णालयाच्या प्रशासनाने त्याच्या पाठीशी उभे राहावे लागते.

आयएसओ 15189 हे वैद्यकीय प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय मानक 2003 मध्ये प्रथम निघाले. 2022 च्या आवृत्तीत गुणवत्ता-व्यवस्थापक या नावाच्या पदाचा आग्रह नाही. हे काम करणाऱ्यांना त्यासाठीचे अधिकार आणि साधने मिळावीत, एवढे मागितले आहे. पदापेक्षा अधिकाराला दिलेले हे महत्त्व योग्यच म्हणावे लागेल. प्रयोगशाळेतून वर आलेल्या मराठी माणसांत वसंत रामजी खानोलकर यांचे नाव प्रथम आठवते. 1941 पासून ते टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण त्यांची कीर्ती संशोधनाची. गुणवत्तेच्या प्रमुखाच्या वाट्याला तशी कीर्ती सहसा येत नाही, कारण टळलेल्या चुकीची नोंद कोण ठेवणार?

गुणवत्तेच्या या आग्रहावर मोठा आक्षेप खर्चाचा. दोन खोल्यांच्या लॅबने प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचे मानांकन घ्यायचे कसे? आक्षेप खोटा नाही, आणि मानांकन ऐच्छिक असल्याने अनेकजण त्या वाटेला जातही नाहीत. मात्र साखर, रक्तगणना अशा नेहमीच्या तपासण्या करणाऱ्या लहान प्रयोगशाळांसाठी एनएबीएलने 2019 मध्ये सोपी गुणवत्ता-योजना आणली. शिवाय खराब नमुना परत पाठवायला यंत्र लागत नाही. एक वही आणि ठाम माणूस पुरतो. दुसरा आक्षेप असा की, कायदा कडक केला की नेतृत्वाची गरज उरत नाही. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा चंडीगढला केंद्रशासित प्रदेश म्हणून 1 मार्च 2012 पासूनच लागू आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. या कायद्याखालच्या 2018 च्या नियमांनी प्रयोगशाळांच्या तीन पायऱ्या ठरवून किमान निकष घातले. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असे बजावले. निकष आवश्यक आहेतच. पण एकच पॅथॉलॉजिस्ट चार गावांतल्या लेटरहेडवर असेल, तर सही नियमात बसते आणि गुलाबी सीरम त्याच्या नजरेस पडतच नाही. ते पाहिलेले असते तंत्रज्ञाने. त्याने रिपोर्ट रोखून दुसरा नमुना मागवला, तर त्याला शाबासकी मिळते की उशीर केला म्हणून बोलणी बसतात, हे त्या लॅबच्या प्रमुखावर ठरते.