शाळेपासून किंग्ज सर्कलपर्यंतची हॉटेलं

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आपल्या तुकडीतले आम्ही नऊ जण किंग्ज सर्कलला डोसा खायला गेलो होतो. सगळ्यांचे पैसे एकत्र केले तेव्हा पाच डोसे आणि चार कॉफी एवढाच हिशेब जमला. त्या गर्दीत नऊ जणांना एकत्र जागा मिळणं शक्यच नव्हतं. जिथे खुर्ची रिकामी होईल तिथे वेटर एकेकाला बसवत गेला. माझ्यासमोर पांढऱ्या लुंगीतले एक आजोबा होते. त्यांनी मार्क विचारले, गणितात किती ते वेगळं विचारलं आणि उठताना माझ्या कॉफीचेही पैसे देऊन गेले. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

स्मरणिकेसाठी काय लिहावं याचा विचार करताना ते टेबल आठवलं. आपल्या बाईंनी आपल्याला शिवकाल शिकवला, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. पण शाळेच्या फाटकापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांच्या परिसरात इराणी, उडुपी, मराठी, पंजाबी अशी इतकी हॉटेलं कशी जमली, हे पुस्तकात नव्हतं. तेवढाच इतिहास इथे मांडते.

सुरुवात प्लेगपासून होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने दादर-माटुंगा-शीव भागातली मोकळी जमीन घेऊन आखीव रस्ते आणि प्लॉट पाडले. आपण सायकली फिरवल्या ती पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बगीचे हे सगळं त्या आखणीतून आलं. पारशी कॉलनी ज्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली ते मंचरजी जोशी ट्रस्टमध्येच इंजिनियर होते.

या नव्या वस्तीत दक्षिणेतून आलेले सुशिक्षित तरुण राहायला आले. इंग्रजी, टायपिंग, शॉर्टहँड येत असल्यामुळे त्यांना रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, कंपन्यांत नोकऱ्या मिळाल्या. १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, म्हणजे तोवर शाळा काढण्याइतकी कुटुंबं इथे स्थिरावली होती. पण त्यांच्याबरोबर एकटे आलेलेही पुष्कळ होते. तीन-चार जणांत एक खोली, आणि स्वयंपाकघर नाही.

स्वयंपाकघर नसलेला हा माणूसच आपल्या हॉटेलांचा पहिला गिऱ्हाईक. कॅफे म्हैसूर १९३६ चं, रामाश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं. माटुंगा स्टेशनजवळचं ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. यातली एक गंमत आपल्याला शाळेत असताना कळली नव्हती. आपण सरसकट सगळ्यांना ‘मद्रासी’ म्हणायचो. प्रत्यक्षात जेवणारे बरेचसे तमिळ आणि पालघाटकडचे, तर चालवणारे बहुतेक उडुपी-मंगळूर भागातले, घरी तुळू, कन्नड किंवा कोकणी बोलणारे. कॅफे मद्रासच्या पाटीवर मद्रास असलं तरी ते कामतांचं. म्हणजे ज्याला आपण एकच ‘साउथ इंडियन’ चव समजत होतो, तीच मुळात दोन-तीन प्रांतांनी मिळून माटुंग्यात घडवलेली होती.

इराण्यांची गोष्ट याच्या थोडी आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान या भागांतून गरिबीमुळे, आणि जरथुष्ट्री असतील तर छळामुळेही, माणसं मुंबईत आली. त्यांत जरथुष्ट्री होते तसे मुसलमानही होते. कोपऱ्यावरची दुकानं हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, कोपऱ्यावरच्या जागेला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड मिळाला. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरणीत खारी-नानकटाई, ब्रुन मस्का आणि पानी कम चाय. आपल्या भागातलं कूलर अँड कंपनी १९३२ चं. तिथलं ‘रेसलर ऑम्लेट’ एकट्याने संपवण्याची पैज कोण हरलं होतं, ते इथे लिहीत नाही.

तिसरी धारा आपल्या मराठी माणसांची. दादर स्टेशनजवळचं मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० पासूनचं. दादरच्या दक्षिणेला गिरणगाव. तिथे कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार बायकांनी घरात चालवलेल्या खानावळींत जेवायचे आणि महिन्याच्या पगाराला हिशेब करायचे. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि जेवणाराच गेला म्हणून कित्येक खानावळी बंद पडल्या. हॉटेलचा इतिहास चवीपेक्षा पगाराचा असतो, हे यातून फार स्पष्ट दिसतं.

आणि चौथी, फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात आलेल्या निर्वासितांची. आज सगळ्या देशात मेनूकार्डावर असलेली ‘कोळीवाडा’ कोळंबी ही कोळ्यांच्या घरातली नव्हे, तर तिथल्या पंजाबी तळणीतून निघाली, असं मानलं जातं. नाव कोळ्यांचं, हात पंजाब्यांचा, मासळी आपल्या समुद्राची.

हे सगळं वाचून ‘किती छान मिश्रण’ असं वाटेल. पण हे सहज झालेलं नाही. प्रत्येक हॉटेल सुरुवातीला आपापल्या माणसांसाठी होतं. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या शेजारी बसायचं हे जात ठरवत होती. त्या काळातल्या कितीतरी हॉटेलांच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ किंवा ‘हिंदू’ हा शब्द असे, आणि ती जाहिरातही असे, मज्जावही. दलितांना आत बसू न देणं किंवा कप वेगळे ठेवणं हे सर्रास होतं. नागरिकशास्त्रात आपण राज्यघटनेचं कलम १५ पाठ केलं होतं. त्यातलं दुसरं उपकलम पुन्हा काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही अटकाव करता येणार नाही अशा जागांची तिथे यादी आहे, आणि त्या यादीत दुकानांच्या बरोबरीने उपाहारगृहं आणि हॉटेलं आहेत. देशाच्या घटनेत हॉटेलचा उल्लेख करावा लागला, यावरून प्रश्न किती मोठा होता ते कळतं.

नंतरही ताण संपले नाहीत. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली. नोकऱ्यांतल्या दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम झाली आणि त्या रोषात उडुपी हॉटेलांवरही हल्ले झाले. त्याच सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असं मानतात. पुढे तो मराठी माणसाचा खास पदार्थ झाला. त्यातला पाव आणि बटाटा दोन्ही पोर्तुगीजांनी आणलेले. आणि आज आपल्यातल्या निम्म्या घरांत रविवारचा नाश्ता इडली असतो.

आणखी एक गोष्ट, जी आठवताना मला अजून संकोच वाटतो. आपल्या भागातल्या एका हॉटेलात टेबल पुसणारा मुलगा आपल्याच वयाचा होता. आपण दप्तर खुर्चीवर टेकवून त्याला ‘ए छोटू’ म्हणायचो. हॉटेलांत काम करणाऱ्या अशा मुलांसाठी मुंबईत कन्नड रात्रशाळा होत्या, आणि त्यांतून शिकून काही जण पुढे हॉटेलमालकही झाले. पण चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवण्यावर बंदी यायला १० ऑक्टोबर २००६ उजाडावा लागला. आपली दहावी त्याच्या कितीतरी आधीची. त्या स्वस्त डोशाच्या किमतीत त्या मुलाची शाळाही होती.

आता स्वस्ताईचं दुसरं कारण. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. महागाई वाढत गेली, भाडं जवळजवळ तिथेच राहिलं. म्हणून एका चहावर तासभर बसू देणं इराण्याला परवडलं. पण त्याच कारणाने घरमालकाला दुरुस्ती परवडेना आणि इमारती खिळखिळ्या झाल्या. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. त्याने बँकांचं आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांचं संरक्षण काढलं, छोट्या दुकानदारांचं ठेवलं. तरीही इमारत पाडायची वेळ येतेच. पुनर्विकासात जागेचा हक्क कागदावर राहतो. पण मधल्या चार-पाच वर्षांत आचारी गावी जातो, गिऱ्हाईक पांगतं, मुलं दुसऱ्या व्यवसायात स्थिरावतात. परत आल्यावर नव्या इमारतीचा देखभालखर्च भरायचा तर एका चहावर तासभर कोणाला बसू देणार?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बंगळुरात पेइंग गेस्ट होते, स्वयंपाकघराशिवाय. सकाळ-संध्याकाळ दर्शिनीत उभ्या-उभ्या खायचे. इडली उत्तम होती, पण वर्षभरात समोरच्या माणसाशी एकदाही बोलणं झालं नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं की माटुंग्याने आपल्याला डोशाबरोबर आणखी काय दिलं होतं. आजही एकटी मुलं शहरात येतात, फक्त त्यांचं जेवण ॲपवरून खोलीच्या दारात येतं. चव मिळते. समोर आजोबा बसत नाहीत.

मी जुन्याचं गोडवं गात नाही. त्या टेबलांवर सगळ्यांना जागा मिळायला आधी कायदा लागला, ते पुसायला आपल्याच वयाची मुलं लागली आणि ते टिकायला गोठलेलं भाडं लागलं. पण या सगळ्यातून एक सवय तयार झाली. खुर्ची रिकामी असेल तिथे बसायचं, समोरचा कोण हे विचारायचं नाही आणि चटणीची वाटी पुढे सरकवायची. आपल्या वर्गातही बाई दर महिन्याला बाक बदलायच्या, त्याची आठवण झाली.

जी हॉटेलं अजून आहेत ती कौतुकाच्या पोस्टवर टिकणार नाहीत, गिऱ्हाइकावर टिकतील. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे. सकाळी सात वाजता मी माटुंगा स्टेशनसमोर रामाश्रयच्या रांगेत असेन. ज्यांना जमेल त्यांनी या. बाई, सर, तुम्हीही या. एकत्र जागा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.