शूटिंगचा दिवस

भिवंडीची जुनी माणसं 1970च्या दंगलीआधी, 1982च्या गिरणी संपानंतर, 1984च्या दंगलीनंतर, असा काळ सांगतात. आमच्या अण्णांच्या बोलण्यात आणखी एक खूण असायची: शूटिंगचा दिवस.

अण्णा भिवंडीतल्या कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात मिस्त्री होते. 18 जानेवारी 1982ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापडाचं बरंचसं काम भिवंडीकडं वळलं. गिरणीतले कितीतरी कामगारही इथं मागांवर उभे राहिले. त्यानंतर काही वर्षांनी काही सिनेमावाल्यांना गिरणीचा प्रसंग हवा होता. मालकाला भाडं मिळालं आणि कारखान्यात मोठमोठे दिवे लागले.

मागांच्या खडखडाटात हिरोचे संवाद ऐकू येईनात. मग सगळे माग बंद करायला लावले. अण्णा सांगायचे, "आम्ही वर्षानुवर्षं हातवारे करून, ओठांकडं बघून बोलायचो. त्या शांततेत एकमेकांशी काय बोलावं तेच सुचेना."

मागवाल्याची मजुरी मीटरवर असते. माग उभा राहिला की मजुरीही थांबते. शिवाय मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलेल्या मागावर कापडात आडवी रेघ उमटते. व्यापारी तो दोष धरतो आणि कपात कारागिराच्या माथी येते. पंधरवड्याच्या पगाराला हे सगळं कळलं. कांड्या भरणारी आमची काकू पुढं कायम विचारायची, "त्यांच्या सिनेमात कामगार जिंकला ना? मग आमचे पैसे का कापले?"

तसं कारखान्याचं आणि सिनेमाचं नातं जुनंच. सिनेमाचा जन्म कारखान्याच्या दारातच झाला. फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंनी 1895 साली ल्यों शहरातल्या स्वतःच्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले. 7 जुलै 1896ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवलेल्या फितींत ही फीतही होती. मालेगावात तर यंत्रमागाच्या गावानं स्वतःच कॅमेरा हाती घेतला. शेख नासिर यांनी 2000च्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला. पुढं त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'मधला नायक शफीक शेख हा मागावर राबणारा तरुण होता.

आमची माणसं, आमचे माग पडद्यावर दिसावेत असं मला मनापासून वाटतं. पण कारखान्याचं भाडं ठरवताना थांबलेल्या प्रत्येक मागाची मजुरीही ठरली पाहिजे, आणि ती थेट कारागिराच्या हातात पडली पाहिजे. कामगाराची गोष्ट सांगण्याचा खर्च कामगारावर पडता कामा नये.